आधी दिसले ते लिही

मुंबई

चिरंजीव मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. लगेच उत्तर लिहायला बसले असते तर रागाच्या भरात लिहिले गेले असते, आणि तो राग तुझ्यावर नव्हता. म्हणून थोडी थांबले. गोवंडीहून आलेल्या त्या आठ महिन्यांच्या बाळाची हकीकत तू लिहिली आहेस. आई चौथ्या महिन्यापासून सांगत होती की बाळ झोपेतून उठले की पुन्हा पुन्हा पुढे वाकते, हात फेकते आणि मग रडते. एका ठिकाणी तिला पोटदुखीचे थेंब मिळाले, दुसऱ्या ठिकाणी दात येत असल्याचे सांगण्यात आले, घरी दृष्ट काढून झाली, आणि ती तुमच्या ओपीडीत पोहोचली तोवर बाळाने आईकडे पाहून हसणे सोडले होते. त्याच रात्री तू प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणासाठी इन्फन्टाइल स्पाझम्सचा, म्हणजे तान्ह्या बाळांना ओळीने येणाऱ्या या झटक्यांचा, इतिहास वाचायला घेतलास आणि 1841 सालच्या एका पत्रात तुला तेच बाळ भेटले: तेच वय, तेच वाकणे, हिरड्यांवर घेतलेला तोच संशय. तेव्हा तू विचारतेस की 180 वर्षांनंतरही आपण तिथेच असू तर या इतिहासाला अर्थ काय, मार्गदर्शक सांगतात त्याप्रमाणे तो दोन परिच्छेदांत उरकावा का, आणि ज्या आजाराच्या उपचारांविषयी दर दहा वर्षांनी नवे मत निघते त्यात आयुष्य का घालावे.

तुला धीर देण्यासाठी हे पत्र नाही. धीर सुटलेली मुलगी रात्री दीड वाजता संदर्भ तपासत बसत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी इतक्या वेळा सांगणार आहे की तुला कंटाळा येईल: जे दिसले ते आधी लिही, ते काय आहे हे नंतर ठरव. तू वाचलेला सगळा इतिहास या एका वाक्याच्या बाजूने साक्ष देतो, आणि तो दोन परिच्छेदांत उरकायला सांगणाऱ्यांनी बहुधा तो मुळातून वाचलेला नाही.

ते 1841 चे पत्र पुन्हा नीट वाच. विल्यम जेम्स वेस्ट हे इंग्लंडमधल्या केंट परगण्यातील टनब्रिज या गावचे साधे डॉक्टर होते. ते प्राध्यापक नव्हते की मोठ्या रुग्णालयाचे प्रमुख नव्हते. त्या वेळी आपल्या मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू व्हायला अजून चार वर्षे होती, आणि लंडनमध्येही लहान मुलांच्या मेंदूविकाराचा वेगळा असा कुणी तज्ज्ञ नव्हता. त्यांचा स्वतःचा मुलगा जेम्स जन्मतः निरोगी होता आणि चार महिन्यांपर्यंत चांगला वाढत होता. मग त्याची मान हलकेच पुढे झुकू लागली. वेस्ट स्पष्ट लिहितात की तेव्हा त्यांना ती बाळाची एक खोड वाटली आणि प्रत्यक्षात ती आजाराची पहिली खूण होती. पुढे मान गुडघ्यांपर्यंत जाऊ लागली आणि लगेच सैल होऊन बाळ पुन्हा सरळ होऊ लागले. काही सेकंदांच्या अंतराने हे दहा, वीस किंवा त्याहूनही अधिक वेळा घडे, दोन-तीन मिनिटांत थांबे, आणि दिवसातून दोन-तीनदा किंवा जास्त वेळा परत येई. बाळ बसलेले असो की झोपलेले, फरक पडत नसे. मूल हसत नाही, कशाकडे लक्ष देत नाही, ऐकू येते आणि दिसते तरी मान धरत नाही, अंगात जोर नाही, हेही त्यांनी लिहिले. यातले एक वाक्य आज मी तुझ्या केसपेपरवर उतरवले तर तुमच्या युनिटमधला कोणताही जाणता डॉक्टर ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत्-लहरींची नोंद, मागवील. इतके ते वर्णन पुरेसे आहे.

त्यांनी उपचार काय केले तेही पाहा: डोक्याला जळवा लावल्या, थंड पट्ट्या ठेवल्या, कॅलोमेलचे जुलाब दिले, हिरड्या कापल्या, अफू दिली. त्या काळातल्या चांगल्या डॉक्टरने जे केले असते ते सगळे केले, आणि त्यातले काहीही लागू पडले नाही. त्यांचे सिद्धांत आज कुणी वाचत नाही. त्यांची निरीक्षणे मात्र जगभरातल्या पाठ्यपुस्तकांत आहेत. एका बापाने, ज्याला आपल्या मुलाला काय झाले आहे हे कळत नव्हते, कळत नाही असे लिहूनच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र पाठवले आणि विचारले की असा रुग्ण कुणी पाहिला असेल तर कृपा करून कळवावे. लंडनला जाऊन त्यांनी सर चार्ल्स क्लार्क यांना मुलगा दाखवला होता. क्लार्क यांनी असे चार रुग्ण पाहिले होते आणि वाकण्याच्या पद्धतीवरून त्याला सलाम कन्व्हल्शन, म्हणजे सलाम केल्यासारखी आकडी, असे ते म्हणत. पण आज आपण त्या आजाराला वेस्ट यांचे नाव देतो, कारण ज्याच्या घरात एकच रुग्ण होता त्याने बसून सगळे लिहून काढले. वेस्ट 1848 मध्ये वारले. मुलगा त्यांच्यामागे 1860 पर्यंत जगला. बाप हयात असेपर्यंत उपयोगी पडेल असे उत्तर आले नाही, आणि त्यानंतरही शंभर वर्षे आले नाही.

तुझा राग नेमका इथे आहे हे मला समजते. पण शंभर वर्षे उत्तर आले नाही याचा अर्थ वर्णन वाया गेले असा होत नाही. ते वर्णन नसते तर 1950 च्या दशकात ज्यांच्या हातात नवी यंत्रे आली, त्यांना कोणत्या बाळांच्या डोक्याला तारा लावायच्या हे कळले नसते.

आपल्याकडचाही एक दाखला देते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रह, म्हणजे मुलांना पछाडणाऱ्या शक्ती, सांगितले आहेत आणि त्यांत स्कंदापस्मार आहे. मूल शुद्ध हरपते, पुन्हा शुद्धीवर येते, हातपाय नाचवते, असे त्याचे वर्णन आहे. हाच तो आजार असे म्हणण्याचा आगाऊपणा मी करणार नाही, आणि तूही प्रबंधात करू नकोस. मला एवढेच म्हणायचे आहे की तिथेही कुणीतरी बाळाशेजारी बसून पाहिले होते. कारण ग्रहावर ढकलले गेले त्यानंतर पाहणे थांबले. आज आपण ग्रह म्हणत नाही, गॅस म्हणतो. पण पाहणे थांबवण्याचे काम तेवढेच चोख होते.

मधला काळ मी भराभर ओलांडते, कारण त्यात आपल्याला घेण्यासारखे थोडे आहे. हान्स बर्गर यांनी जर्मनीत 1924 साली माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरी पहिल्यांदा नोंदवल्या आणि 1929 मध्ये ते प्रसिद्ध केले. 1951 मध्ये अर्जेंटिनात वाझ्केझ आणि टर्नर यांनी झटके, विकासाची पीछेहाट आणि ईईजीतील विशिष्ट गोंधळ या तिन्ही गोष्टी एकत्र मांडल्या. 1952 मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक आणि एर्ना गिब्स या दांपत्याने त्या गोंधळाला हिप्सअरिथ्मिया हे नाव दिले: प्रचंड उंचीच्या, एकमेकींशी मेळ नसलेल्या लाटा आणि त्यांत ठिकठिकाणी उठणारी टोके, अशी ती नोंद असते. पुढे फ्रान्समध्ये गास्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे वेस्ट सिंड्रोम हे नाव रुळले. 2022 साली अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने इन्फन्टाइल एपिलेप्टिक स्पाझम्स सिंड्रोम असे नवे नाव घेतले, कारण तिन्ही लक्षणे जुळेपर्यंत थांबणे बाळाला महाग पडते. नावांच्या या यादीवर तू पत्रात बरीच हैराण झाली आहेस. त्यावर एक संध्याकाळही खर्च करू नकोस. नावे बदलणाऱ्यांना बदलू दे.

1958 साल मात्र लक्षात ठेव. त्या वर्षी बेल्जियममध्ये सोरेल आणि दुसोसी-बोलोय यांनी हिप्सअरिथ्मिया असलेल्या बाळांना एसीटीएच दिल्याचे आणि झटके थांबल्याचे प्रसिद्ध केले. पिट्युटरी ग्रंथीचे एक संप्रेरक, जे अॅड्रिनल ग्रंथीला स्टिरॉइड तयार करायला लावते, ते आकडीवर का चालावे? तेव्हा ठाऊक नव्हते, आणि आजही पक्के ठाऊक नाही. टॅली बाराम यांनी पुढे मांडले की मेंदूतील सीआरएच हे द्रव्य बाळाच्या अपरिपक्व मेंदूला उत्तेजित करते आणि एसीटीएच ते दाबत असावे. गृहीतक सुंदर आहे, पण त्यावर अजून अंतिम मोहोर उठलेली नाही. तू विचारतेस की यंत्रणाच कळत नाही तर उपचार कसला. मुली, यंत्रणा कळेपर्यंत थांबलो असतो तर 1958 पासूनच्या बाळांच्या किती पिढ्या हातच्या गेल्या असत्या याचा विचार कर. सोरेल यांनी झटके थांबताना पाहिले आणि लिहिले. कारण नंतर शोधता येते. न लिहिलेले नंतर शोधता येत नाही.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते: एसीटीएच, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, विगाबाट्रिन हे आकडीचे औषध, की संप्रेरक आणि विगाबाट्रिन दोन्ही एकदम. मत बदलते म्हणून तुला वैताग येतो, पण मत कशामुळे बदलले ते पाहिलेस तर वैताग उरणार नाही. ह्यूस्टनमध्ये केलावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 साली 24 बाळांचे व्हिडिओ आणि ईईजी एकाच वेळी नोंदवून पाच हजारांहून अधिक स्पाझम एकेक करून तपासले. तोवर सगळे समजत होते की बाळ पुढे वाकते. प्रत्यक्षात सर्वांत मोठा वाटा मिश्र प्रकाराचा निघाला, बहुधा मान, धड आणि हात वाकतात आणि पाय ताठ होतात असा. आणि सुमारे एक चतुर्थांश स्पाझमांत बाळ मागे ताणले गेले. म्हणजे केवळ ‘वाकते का’ एवढेच विचारणाऱ्या डॉक्टरने कितीतरी झटके निसटू दिले असते. पाच हजार झटके कुणीतरी बसून पाहिले तेव्हा हे कळले. याला मी इतिहास म्हणते.

पॅरिसहून कॅथरीन शिरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विगाबाट्रिनचे काम 1990 च्या सुमारास पुढे आणले. ट्यूबरस स्क्लेरोसिस हा जनुकीय आजार असलेल्या बाळांत त्यांच्या 1997 च्या तुलनेत विगाबाट्रिन घेतलेल्या 11 पैकी 11 बाळांचे झटके थांबले आणि हायड्रोकॉर्टिझोन हे स्टिरॉइड घेतलेल्या 11 पैकी 5 बाळांचे. संख्या लहान आहे, पण फरक इतका ठळक आहे की त्या आजारात आजही पहिली निवड विगाबाट्रिनचीच होते. त्याच 1997 साली ब्रिटनमधून तीन रुग्णांचा अहवाल आला की विगाबाट्रिनने दृष्टीचे क्षेत्र आक्रसते आणि ते परत येत नाही. फक्त तीन रुग्ण होते. त्यांच्या तक्रारीला ‘असे होत नसते’ म्हणून कुणी उडवून लावले नाही, म्हणून आज आपण ते औषध मोजून आणि ठरावीक मुदतीसाठी देतो.

2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनचा 107 बाळांचा अभ्यास आला. संप्रेरक-उपचार, म्हणजे एसीटीएचसारखे इंजेक्शन किंवा प्रेडनिसोलोन, घेतलेल्या 55 पैकी 40 बाळांचे झटके दोन आठवड्यांअखेर थांबले होते, विगाबाट्रिन घेतलेल्या 52 पैकी 28 बाळांचे. त्यात तोंडाने घ्यायचे प्रेडनिसोलोन भारी मात्रेत दिल्यास इंजेक्शनच्या जवळपास पोहोचते हेही दिसले, आणि आपल्या पालकांच्या खिशाचा विचार करता मला ती बातमी सगळ्यांत मोठी वाटली होती. 2017 मध्ये 377 बाळांच्या अभ्यासात दोन्ही उपचार एकदम दिल्यास 72 टक्के आणि एकट्या संप्रेरकाने 57 टक्के बाळे झटक्यांपासून मुक्त झाली. पुढे दीड वर्षाच्या वयात विकासाच्या मोजणीत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मग खरे काय, असे तू विचारशील. दोन्ही खरे आहे. झटके लवकर थांबवणे ही एक गोष्ट, मूल पुढे बोलेल की नाही ही दुसरी, आणि दुसरीचे उत्तर बऱ्याच अंशी मुळातल्या कारणावर अवलंबून असते. हे तुझ्या प्रबंधात स्वच्छ लिही. एका आकड्याखाली दुसरा झाकू नकोस.

पण या सगळ्यांहून जो आकडा मी उशाशी ठेवते तो 2011 चा आहे. 2004 च्या त्या ब्रिटिश अभ्यासातील मुले चार वर्षांची झाल्यावर फिनबार ओ’कॅलघन आणि इतरांनी पाहिले की पहिला झटका आणि उपचाराची सुरुवात यांत किती काळ गेला. सात दिवसांपर्यंत, आठ ते चौदा दिवस, पंधरा दिवस ते एक महिना, एक ते दोन महिने, आणि त्याहून जास्त, असे त्यांनी टप्पे केले. आणि दर टप्प्यागणिक विकासाच्या मोजणीत सुमारे 3.9 गुणांची घट आढळली. तिथला पहिला टप्पा सात दिवसांचा आहे. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतून आलेले अभ्यास वाच. तिथे हा काळ महिन्यांत मोजावा लागतो. गोवंडीच्या बाळाचे चार महिने गेले. ते चार महिने कोणत्या जनुकाने खाल्ले नाहीत. आईने पहिल्या आठवड्यात पाहिले होते, सांगितले होते, आणि ते कुणीही कागदावर घेतले नव्हते. पोटदुखीच्या थेंबांच्या चिठ्ठीवर फक्त औषधाचे नाव असणार, हे मी ती न पाहता सांगते.

म्हणून ‘आपण तिथेच आहोत’ हे तुझे वाक्य मला मान्य नाही. आपल्या हातात जळवा नाहीत, महिन्याभराच्या औषधाने झटके थांबवण्याची सोय आहे, आणि ती सोय तुझ्या ओपीडीच्या औषधखिडकीवर स्वस्त गोळीच्या रूपात पडून आहे. आपण 1841 च्या मागे आहोत ते एकाच बाबतीत: वेस्ट यांनी लिहिले, आपण लिहीत नाही.

आता थोडे माझ्याविषयी, कारण तुझ्या सरांनी तुला माझ्याबद्दल काय सांगितले असेल याची मला कल्पना आहे. मॅडमची ओपीडी चार वाजेपर्यंत चाले, मॅडम आयांना बोलत बसवत, बाहेरची रांग जिन्यापर्यंत जाई. हे सगळे खरे आहे आणि मला त्याची लाज नाही. मी नोकरीला होते तेव्हा एका वरिष्ठांनी मला स्पष्ट सांगितले होते की केसपेपर चार ओळींत संपला पाहिजे आणि नातेवाइकांच्या कथा लिहायला ही कीर्तनाची जागा नव्हे. मी चार ओळी केसपेपरवर लिहीत राहिले आणि बाकीचे माझ्या वहीत लिहीत राहिले: बाळ कोणत्या वेळी करते, झोपेतून उठल्यावर की दूध पिताना, एका ओळीने किती वेळा, दोन्ही हात सारखे की एकच, मग रडते का, आणि पहिल्यांदा कधी पाहिले. पुढे जागा नाही म्हणून त्या रुग्णालयातले जुने केसपेपर रद्दीत गेले. माझ्या वह्या राहिल्या. त्यांतून काहीही छापून आले नाही, आणि याची खंत मला आहे. निवृत्त होईपर्यंत रांग संपली नाही, आणि कसाऱ्याहून, पालघरहून पहाटेची गाडी धरून आलेल्या बाईला परत पाठवून लेख लिहायला बसणे मला जमण्यासारखे नव्हते. छापून न आलेले काम हलके असते असे ज्यांना वाटते त्यांना वाटू दे. त्या वहीमुळेच मला एकाच महिन्यात आलेल्या दोन बाळांत एक साम्य दिसले होते: दोघांच्याही आयांनी सांगितले होते की जन्मानंतर तिसऱ्या दिवशी बाळ दूध ओढत नव्हते आणि थंड पडले होते. दोघांच्याही एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागाला इजा होती. रक्तातली साखर कुणी तपासलेली नव्हती.

हा माझा शोध नव्हे. मुंबईतल्याच मेंदूविकारतज्ज्ञांनी 2009 साली ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये दाखवून दिले की नवजात बाळाची साखर घसरल्याने झालेली मेंदूची इजा हे आपल्याकडे बाळपणी सुरू होणाऱ्या अपस्माराचे एक नेहमीचे कारण आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत हे कारण यादीत खूप खाली असते. आपल्या बाळांची गोष्ट आपल्यालाच लिहावी लागेल, ती लंडनहून लिहून येणार नाही. तू कारणांच्या तक्त्यात एआरएक्स, सीडीकेएल5, एसटीएक्सबीपी1 ही जनुके मांडली आहेस हे चांगलेच आहे. पण गोवंडीच्या आईला प्रसूतीनंतरच्या पहिल्या चार दिवसांबद्दल काय विचारलेस ते पत्रात कुठेही नाही. जनुकांचा अहवाल येईल तेव्हा येईल. आईला उद्या विचार. तिच्याकडे डिस्चार्ज कार्ड असेल तर त्याची प्रत घे; नसेल तर ती सांगेल तसे लिही.

इथे तू म्हणशील की आयांचे सांगणे नेहमी बरोबर नसते. नसते. वेस्ट यांना डॉक्टर असूनही खोड वाटली होती, मग आईला वाटले तर काय बिघडले? शिवाय प्रत्येक वाकणे हा स्पाझम नसतो. 1977 साली लोम्ब्रोसो आणि फेहरमान यांनी अशी बाळे दाखवली ज्यांचे झटके हुबेहूब स्पाझमांसारखे दिसत, पण ईईजी स्वच्छ असे, विकास नीट होई आणि झटके आपोआप थांबत. दुधाची उलटी वर येणारी काही बाळेही मान आणि पाठ वळवतात. म्हणून तर मी म्हणते की आधी लिही. नुसते ‘स्पाझम’ असे लिहिलेस तर अशा निरोगी बाळाला भारी स्टिरॉइड जाईल, आणि नुसते ‘पोटदुखी’ असे लिहिलेस तर आजारी बाळाचे चार महिने जातील. दोन्ही चुका निर्णय घाईने कागदावर उतरल्याच्या आहेत. तिसऱ्या प्रकारचा कागद असतो, ज्यावर फक्त घडलेले असते, आणि तो पुढच्या डॉक्टरला तुझ्या मतापासून स्वतंत्रपणे विचार करू देतो.

आता प्रत्येक आईच्या हातात मोबाइल आहे. मला माझ्या काळात हे मिळाले असते तर मी काय केले असते याचा विचार मी करत नाही, तू कर. झोपेतून उठल्यानंतरची दहा मिनिटे चित्रित करायला सांग, बाळाचे कपडे सैल करून, पूर्ण अंग दिसेल असे, मध्ये थांबवू नका असे सांगून. पण चित्रण मिळाले म्हणून विचारणे सोडू नकोस, कारण चित्रण आजचे असते आणि तुला पहिला दिवस हवा आहे. ईईजी मागवताना झोप आणि झोपेतून जागे होणे दोन्ही नोंदवायला सांग. जागेपणीच्या वीस मिनिटांची नोंद निर्मळ आली म्हणून एखाद्या बाळाला घरी पाठवलेस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळत असेल तर तंत्रज्ञाकडे स्वतः चालत जा, 2011 चा तो कागद दाखव, आणि ती तारीख त्याच आठवड्यात आण. यात भांडण करावे लागले तर कर. मी केली आहेत, आणि त्यांतल्या एकाही भांडणाचा मला पश्चात्ताप नाही.

तुझ्या प्रबंधाच्या नमुना-तक्त्यात ‘झटके सुरू झाल्याचे वय’ असा एकच रकाना आहे. तो काढून तीन रकाने कर: आईने किंवा घरच्या कुणी पहिल्यांदा पाहिल्याची तारीख, कोणत्याही डॉक्टरने ते कागदावर पहिल्यांदा लिहिल्याची तारीख, आणि उपचाराचा पहिला दिवस. पहिल्या दोन तारखांमधले अंतर कुणी मोजलेले मी पाहिलेले नाही. तारीख आठवत नसेल तर गणपतीच्या आधी की नंतर, बारसे झाल्यावर की आधी, गावाहून परत आल्यावर की तिथेच, असे विचार. आयांना दिवस असे आठवतात आणि ते बहुधा बरोबर निघतात. इतिहासाचे प्रकरण दोन परिच्छेदांत उरकू नकोस. वेस्ट यांचे वर्णन मराठीत पूर्ण उतरव आणि त्याच पानावर तुझ्या पहिल्या रुग्णाच्या आईचे सांगणे छाप, तिची ओळख कळणार नाही अशा रीतीने आणि तिची परवानगी घेऊन. मार्गदर्शक नाही म्हणाले तर ते परिशिष्टात टाक, पण टाक.

गोवंडीच्या बाळाविषयी: प्रेडनिसोलोन सुरू करण्याआधी घरात कुणाला क्षयरोग आहे का ते नीट विचार, मुंबईत हा प्रश्न वगळता येत नाही. रक्तदाब आणि साखर लिहून ठेव, त्वचेवर पांढरे डाग आहेत का ते अतिनील किरणांच्या वूड्स दिव्याखाली पाहा, कारण ट्यूबरस स्क्लेरोसिस निघाले तर औषधाची निवड बदलेल. लसीकरण कधी थांबवायचे आणि ताप आला तर कुठे यायचे, हे आईला तिच्या भाषेत लिहून दे. झटके थांबले असे आई म्हणाली तरी चौदाव्या दिवशी झोपेतली ईईजी पुन्हा कर. त्या दिवशी जे दिसेल ते, तुझे मत न घालता, मला लिहून पाठव. मी वाट पाहते.

तुझी,
मॅडम